बायनाबाईच्या दुखवट्याची भाकरी

शिवप्रसादबद्दल लिहून झालं की मी हात धुणार आहे. तोवर लिहितो, कारण आमच्या गावात दुसरं कोणी लिहिणार नाही. काहींना त्याची भीती वाटते, काहींना त्याच्याकडून पोराच्या वाढदिवसाचं बॅनर फुकटात हवं असतं. माझी पिठाची गिरणी त्याच्या घराच्या अगदी समोर आहे. त्याच्या दारात कोण येतं, कोण जातं, हे नाही बघायचं म्हटलं तरी दिसतं.

त्याची आई गोजरबाई उभी हयात ऊस तोडायला गेली. नवरा लवकर वारला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. ही एकटी, म्हणून हिला अर्धा कोयता म्हणायचे. लहान शिवप्रसाद तिच्याबरोबर फडावर असायचा. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपायचा, उसाच्या गाडीमागे धावायचा, आणि दिवाळीला सुटलेली शाळा त्याला थेट गुढीपाडव्याला दिसायची. पुढे तिने त्याला वालूरला बहिणीकडे ठेवलं, तेव्हा कुठे तो शिकला. तिथे आईच्या आठवणीने तो ताटावरून उठून जायचा, हे गोजरबाईच सांगते. हे मी मुद्दाम लिहितोय. नंतर कोणी म्हणायला नको की त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

पाथरीला बी.ए. झाला, पोलीस भरतीत धावून आला, कुठेच लागला नाही, तेव्हा त्याने बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान टाकलं. तिथे त्याची खरी कला बाहेर आली. वाढदिवसाच्या बॅनरवर मधे गॉगल लावलेली उत्सवमूर्ती असते आणि खाली शुभेच्छुकांच्या तोंडांच्या ओळी. आता ज्याला गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही, त्याने शुभेच्छुक आणायचे कुठून? शिवप्रसादकडे तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे फोटो साठलेले होते, लग्नाचे, बारशाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे. त्यातून तो लागतील तेवढी तोंडं उचलायचा आणि कोणाच्याही खाली चिकटवायचा. एकदा एका भावी सरपंचाच्या बॅनरवर त्याने वारलेला माणूस हसत शुभेच्छा देताना छापला. त्या माणसाची बायको भांडायला आली, तर हा म्हणतो, "काकू, बगा की, किती ताजे दिसायलेत." लोक हसले आणि धंदा आणखी वाढला.

असा माणूस सरकारी कामाला लागला यात मला तरी नवल वाटलं नाही. शासनाने योजनांच्या प्रसिद्धीचं कंत्राट कुठल्याशा कंपनीला दिलं होतं. कागदावर प्रसिद्धी होती. खरं काम हे, की मोबाइलवर कोणी योजनेबद्दल वाईट बोललं की त्याच्या अंगावर माणसं सोडायची. परभणीला ओमप्रकाश नावाचा साहेब बसायचा, तो तालुक्यातालुक्यातून असली हुशार पोरं हेरायचा. शिवप्रसादला 'जनसंवाद प्रतिनिधी' हे नाव मिळालं, गळ्यात घालायला ओळखपत्र मिळालं आणि डबाभर सिमकार्डं मिळाली. दुकान चुलतभावाकडे देऊन तो मोबाइल मांडून बसू लागला. कधी त्याच्या ओट्यावर, कधी माझ्या गिरणीत.

"योगीराज, मला एकटा समजू नगस," तो मला म्हणायचा. "चाळीस मानसं हाय मी."

ती चाळीस माणसं म्हणजे बॅनरवरचीच. त्यातली बरीचशी श्रद्धांजलीच्या फायलीतून उठवलेली. आमच्या भागातले मेलेले लोक सकाळी उठून सरकारचं कौतुक करायचे आणि जिवंत लोक ते वाचून माना डोलवायचे. कोणाला पीकविमा मिळाला नाही, कोणाचं घरकुल अडलं, की हे मेलेले जाऊन त्याला देशद्रोही ठरवायचे. शिवप्रसादला या सगळ्याचा अभिमान होता. लाज नावाची वस्तू त्याच्याकडे होती की नाही, याचा मी बराच शोध घेतला. सापडली नाही.

आता राजेश्रीच्या ग्रुपबद्दल सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडून टोळ्याच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला जातात. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. आसपासच्या वस्त्यांवरची लेकरंही तिथेच येतात, दोन वेळ जेवतात. राजेश्री आमच्या गल्लीच्या टोकाची सून. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढताना तिचा पाय मोडला, तेव्हापासून नवरा एकटा जातो आणि ती मागे राहते. तिने 'लेकरांचं ताट' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. संध्याकाळी पंगत बसली की ती फोटो काढून टाकायची, आणि तिकडे फडावर आया मोबाइल डोळ्यांजवळ धरून आपापलं लेकरू शोधायच्या. 'राणीचे केस कुनी इंचरले? लय छान दिसायली.' 'आमच्याला जवारीचीच द्या, चपाती खात न्हाई त्यो.' 'मागं कोन रडायलंय, कुनाचं हाय ते लेकरू?' हळूहळू शेजारच्या गावांनीही हाच शिरस्ता उचलला. मोबाइलवर मी पाहिलेली ती एकमेव सभ्य जागा होती.

गेल्या हंगामात ताट आटलं. आधी वरण पातळ झालं, मग भात कोरडाच येऊ लागला, मग एक दिवस स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप. ज्यांना जेवणाचं काम दिलं होतं त्यांची माणसं यायचीच बंद झाली. कागदावर मात्र लेकरं रोज जेवत होती. राजेश्रीने कुलपाचा फोटो टाकला, कुलपापुढे रिकामी ताटं घेऊन बसलेल्या पोरांचा टाकला. तो फिरत फिरत एका वर्तमानपत्रात छापून आला, आणि शिवप्रसादला परभणीहून फोन आला.

"त्या ग्रुपवर शासनाची बदनामी चाललीय म्हने," तो मला म्हणाला. "बंदोबस्त करायचाय."

"अरे, कुलूप तर खरंच हाय. तुझ्या दारातून निघालं की दिसतं."

"दिसतं ना. पर कुलूप माझं काम न्हाई. माझं काम फोटोचं हाय."

ग्रुपची लिंक गावोगाव फिरलेली होती. त्या संध्याकाळपासून तिच्यावरून ग्रुपवर नवे लोक उगवू लागले, एकाला काढलं की दुसरा यायचा. प्रत्येकाचा एकच प्रश्न: हा फोटो कोणत्या सालचा आहे? राजेश्रीने बिचारीने त्या दिवसाचं वर्तमानपत्र कुलपाशेजारी धरून फोटो काढला. मग विचारलं, हे कुलूप कोणत्या गावचं? तिने शाळेच्या पाटीसकट फोटो टाकला. मग त्यांनी कुलूप सोडलं आणि तिला धरलं. नवरा फडावर असताना ही बाई रोज शाळेत कोणाला भेटायला जाते, हे वाक्य शिवप्रसादने माझ्या गिरणीत बसून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी त्याला उठवून बाहेर काढलं. तो समोर स्वतःच्या ओट्यावर जाऊन बसला आणि पुढचं वाक्य लिहू लागला.

कुलूप खरं आहे असं मीही ग्रुपवर लिहिलं. तासाभरात दहा मेलेल्यांनी विचारलं, गिरणीवाला तिचा कोण लागतो? दुसऱ्या दिवशी राजेश्री दळण घेऊन आली आणि खाली बघत म्हणाली, "दादा, तुमी लिहू नका. तेवढ्यानं माझंच नाव खराब व्हायलंय." मी ग्रुप सोडला. पुढचं सगळं मी नंतर तिच्याच मोबाइलवर वाचलं.

तरी आया काही त्या अनोळखी बापई माणसांना भुलत नव्हत्या. तेव्हा ओमप्रकाश साहेबांनी हुकूम सोडला की बाई पाहिजे, म्हातारी, गावाकडची. शिवप्रसादची पंचाईत झाली. जिवंत म्हातारीचा फोटो बॅनरवर येतो कुठे? आल्या तर हार घालूनच येतात. शेवटी त्याने घरातच मोबाइल फिरवला. चुलीपुढे बसलेली गोजरबाई, डोक्यावर पदर, तोंड अर्धं धुरात. नाव ठेवलं बायनाबाई. लेकीकडे राहायला आलेली म्हातारी, शाळेजवळ घर, नातू वसतिगृहात. गोजरबाईला विचारलं नाही हे सांगायला नकोच.

आणि बायनाबाई बोलायची कशी? हुबेहूब गोजरबाईसारखी. "माय, जीव जाळू नगस. माझा नातू तितंच जेवतो. काल वरन-भात व्हता, वरून गुळाचा खडा दिला. ती राजेश्री उगं आग लावायली." ज्या बोलीत त्याला जोजवलं, समजावलं, त्याच बोलीत तो पगारी खोटं बोलत होता. आया विरघळल्या. कोणी आत्या म्हणू लागली, कोणी मावशी. म्हातारीचा फोटो गोजरबाईसारखा दिसतो असं राजेश्रीने लिहूनही बघितलं, पण तोवर तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. तिच्या नवऱ्याचाच फडावरून फोन आला की आता पुरे कर. तिने फोटो टाकणं बंद केलं. ती आणि गल्लीतल्या दोघी-तिघी घरच्या भाकरी नेऊन लेकरांना वाटायच्या. अर्धी अर्धी यायची एकेकाच्या वाट्याला, कधी तीही नाही.

पलीकडच्या वस्तीवरची मंजुषा नवऱ्याबरोबर फडावर होती. तिची राणी दुसरीत, घरी फक्त डोळे गेलेली आजी. मंजुषा परत यायला निघालीच होती, पण बायनाबाईने तिला थांबवलं. "कशाला खाडा करतीस? म्या हाय की हितं." मंजुषा थांबली. रोज संध्याकाळी आत्याला विचारायची, राणी जेवली का. आत्या सांगायची, पोटभर जेवली. त्या पोटभर दिवसांत राणी शाळेत चक्कर येऊन पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा मंजुषाने फोटो मागितला. शिवप्रसादने ग्रुपवरचाच जुना फोटो शोधून धाडला, त्याच्या आदल्या हंगामातला. राजेश्रीवर जो आळ घेतला तेच कर्म स्वतः केलं. मंजुषाचं उत्तर आलं, "आत्या, ह्यो फ्राक तर तिला लहान झालता." मग ती म्हणू लागली, एकदा फोनवर बोला, राणीचा आवाज ऐकवा. तिचं बघून बाकीच्याही फोन मागू लागल्या. चाळीस माणसांचा हा धनी एका बाईच्या आवाजापुढे अडकला. साहेबांनी त्यावरही तोडगा काढला: म्हातारी संपवा, आणि बिल राजेश्रीच्या नावावर फाडा.

शिवप्रसादने म्हातारी मारली. बायनाबाई यांचे, समाजकंटकांनी दिलेल्या मनस्तापामुळे, दुःखद निधन. त्याने इतकी श्रद्धांजलीची बॅनरं छापली होती की त्याचा हात निधनावर थांबेना. हाताच्या सवयीने त्याने खालचंही लिहून टाकलं: राख सावडण्याचा विधी परवा सकाळी, स्थळ राहते घर, आणि गावाचं नाव. नंतर ध्यानात आलं असेल तरी त्याने ते पुसलं नाही. एवढ्या लांबून कोण येतंय? खाडा झाला तर मुकादम उभं करत नाही. हा हिशोब तो करू शकला, कारण तो स्वतः कोणाच्या मातीला मनापासून कधी गेला नव्हता. ज्या बाईच्या भरवशावर लेकरू ठेवलं, तिची राख सावडायला जायचं नाही, हे त्या बायांना जमणारं नव्हतं.

त्या सकाळी गिरणीसमोर एक जीप थांबली. आसपासच्या वस्त्यांवरच्या आठ-दहा बाया उतरल्या, हातापायांवर उसाच्या पात्याचे ओरखडे, अंगावर फडातलीच लुगडी-साड्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकरी-पिठलं नेतात, ते.

"दादा, बायनाबाईचं घर कोन्तं?" मंजुषाने विचारलं.

"हितं बायनाबाई नावाचं कुनी न्हाई, ताई."

तिने मोबाइल पुढे केला. मी फोटो पाहिला आणि मला सगळं एकदम कळलं. मी समोरच्या ओट्याकडे बोट केलं.

ओट्यावर गोजरबाई सुपात तुरी घोळत बसली होती. तोच पदर, तीच बसायची ढब. बाया रस्त्यातच थिजल्या. मंजुषा एकदा मोबाइलकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"आत्या, तुमी तर गेलात ना?"

"कुटं जाऊ माय? हितंच हाय, तुरी निवडायले," गोजरबाई म्हणाली. "तुमी कुनाच्या?"

"तुमच्या राखंला आलाव आमी."

गोजरबाईला वाचता येत नाही. मंजुषाने ओट्याच्या पायरीवर बसून बायनाबाईचं एकेक बोलणं तिला वाचून दाखवलं. माय, जीव जाळू नगस. माझा नातू तितंच जेवतो. गुळाचा खडा दिला. गोजरबाईचं सूप मांडीवर तसंच राहिलं. आपलेच शब्द ती ओळखत होती आणि ते आपण कधी बोललो ते आठवत होती. अखेर एवढंच म्हणाली, "मला नातू न्हाई. ह्याचं लगीन कुटं झालंय?"

तेवढ्यात शाळेकडून लेकरं पळत आली. जीप आली की खबर लागतेच. राणी आईला येऊन बिलगली. मंजुषाने तिच्या दंडाला हात लावला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"काल काय जेवलीस?"

"राजेश्रीकाकूनं अर्धी भाकर दिली."

"आन् परवा?"

राणीला परवाचं आठवेना. मंजुषाने पदराने तिचं तोंड पुसलं. स्वतः रडली नाही, आणि ते बघणं मला जड गेलं.

शिवप्रसाद तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला, बाया बघून आत वळू लागला. गोजरबाईने हाक मारली. तो थांबला.

"आई, ते ऑफिसचं काम व्हतं," तो म्हणाला. "वरून आलतं."

गोजरबाईने त्याच्याकडे बघितलंच नाही. मंजुषाला विचारलं, "त्या फडक्यात काय हाय, माय?"

"भाकर-पिटलं. दुखवट्याचं."

"ते परत न्यायचं नसतं. आन इकडं." तिने फडकं सोडलं, भाकरीवर पिठलं घातलं आणि ओट्यावर लेकापुढे ठेवलं. "तोंड धू आन् बस."

"आई, लोक बगायलेत."

"बगू दे. मयत माजं हाय, म्हाईत हाय ना तुला? तूच केलंस. आता पैला घास लेकाचाच. खा."

तो बसला. त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, डोळे भरून आले होते, असं काही लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. त्याने अख्खी भाकर खाल्ली, वर पाणी प्यायला, आणि आत मोबाइल वाजला तसा उठून गेला. जिवंत आईच्या दुखवट्याची भाकर त्याला चवीला बरी लागली असावी. उरलेल्या भाकरी बायांनी कुलपापुढे पंगत मांडून लेकरांना वाढल्या. जाताना मंजुषा राजेश्रीच्या दारात गेली, तिच्या पाया पडली. मग आयांनी आपापली लेकरं जीपमध्ये घातली, कडेवर, मांडीवर, जिथे मावतील तिथे, आणि घेऊन गेल्या. राणीची दुसरी तिथेच संपली. तिला आता तोडलेल्या उसाचे शेंडे, वाढं, गोळा करायला यायला लागलं असेल.

पुढच्या आठवड्यात साहेब लोकांची गाडी आली. कुलूप निघालं, नवा माणूस नेमला, सांडग्यांपासून खिरीपर्यंत सगळं शिजायला लागलं. जेवायला मात्र चारच लेकरं राहिली. शिवप्रसादची बढती झाली, तो परभणीला ओमप्रकाश साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. पाथरीच्या बसस्टँडवर त्याच्या अभिनंदनाचं बॅनर लागलं, खाली शुभेच्छुकांच्या ओळी. त्यात गोजरबाईचाही फोटो आहे. ती त्याच्याशी बोलत नाही. फोटोला ते कुठे कळतं.

राजेश्रीने पुन्हा धीर करून ग्रुपवर फोटो टाकला. वरण, भात, भाजी, खीर, भरलेलं ताट. खाली लिहिलं, आता रोज मिळायलंय, लेकरांना परत धाडा. दिवसभर कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी एकच उत्तर आलं. मेलेल्यांपैकी कोणाचं नव्हतं, कोणी लिहायला सांगितलेलं नव्हतं. मंजुषाचं होतं.

"ताई, राग मानू नका. पर ह्यो फोटो कोन्त्या सालचा हाय?"